हद्दीची पाटी

५ जुलै
आयुक्तांनीही अपील फेटाळलं. म्हणजे वाशीम जिल्ह्यातून वर्षभर तडीपार, तो तडीपारच. भांडणं दोन. एक कॉलेजच्या गेटवर, एक शेलूबाजारात, कॉलेजातल्या वैष्णवीच्या गावी, तिच्या भावासोबत. त्याचा दात पडला, माझं बी.ए. सुटलं. एसडीओ सायबाच्या आदेशात आहे, लोक माझ्या भीतीनं साक्ष द्यायला येत नाहीत. मामानं मोठ्यानं वाचलं. मामी हसली, "याले तं कुत्रं भेत नाही."
हसू नाही आलं. रागही नाही. इथं मामाकडं, अमरावती जिल्ह्यात, काहीच येत नाही.

११ जुलै
नागपूर. वकील सायब : "आता रिट टाकू. हायकोर्ट तुझं भांडण पाहत नाही, अधिकाऱ्यानं आदेश कायद्यानं काढला का ते पाहतं. तू एकच कर. निकालापर्यंत हद्दीत पाय टाकू नको."
नाही टाकत, म्हटलं.

१५ जुलै
मंगळवार. दर मंगळवारसारखी माय घरून, धनजवरून, डबा घेऊन आली. रस्त्यावर जिल्ह्याची पाटी आहे. ती पाटीच्या तिकडं बसते, मी इकडं. मधात डबा. वांगं, भाकर.
"हात तं घाल इकडं."
"हात बी नाही."
"लै कायद्याचा झाला रे बाबू."

२ ऑगस्ट
वैष्णवीचा फोन. किती दिवसांनी. आवाज दाबून.
"दादाच्या मोबाईलात तुहा फोटो आहे. तू नि तुही माय जेवून राह्यले. ठाण्यात दाखवला त्यानं. हद्द मोडली म्हणते."
"मी पाटीच्या इकडं होतो."
"पाटीच चुकली म्हणते. खरी हद्द मांगं, नाल्यावर." मग थांबून, "लै वाळला तू."
तिच्या घरचे तिच्या साक्षगंधाची, साखरपुड्याची, तारीख धरून राह्यले. कवा येतं, विचारलं. कोर्टाले माहीत, म्हटलं. तिनं फोन ठेवला.

३ ऑगस्ट
नाल्यापर्यंत गेलो. रस्ता रुंद करताना बांधकामवाल्यांनी पाटी काढली, मग धनजकडं सरकवून रोवली. म्हणजे दर मंगळवारी मी वाशीम जिल्ह्यात बसून जेवलो.
मामाला ठाऊक होतं! "मले काय माहीत तू पाटीले इतका मानतं?"
पहिल्यासारखा असतो तर उपटून फेकली असती. आता उपटायलाही हद्दीत जावं लागतं. परत आलो.

१९ ऑगस्ट
सुनावणी. सरकारी वकिलांनी फोटो दिला : यानं आदेश मोडला. आपले वकील म्हणाले, "फोटोत पाटीही आहे. सरकारचीच." जज सायबांनी बराच वेळ फोटो पाहिला. पाटी पाहत होते की माय, कळलं नाही.
निकाल राखून ठेवला. कवा लागंन? वकील म्हणाले, "लागेल."

२६ ऑगस्ट
निकाल नाही. वैष्णवीचं साक्षगंध रविवारी.
माय आज नाल्यावर आली. पूल लहान. "हद्द नेमकी कुठं रे? या टोकाले का त्या?"
माहीत नाही, म्हटलं.
तिनं डबा मधात ठेवला, आपल्या टोकाला मागं सरली. मी आपल्या. "घे ना बाबू." नाही गेलो.
तेवढ्यात जीप आली. डब्याला वळसा घातला, थांबली. ड्रायव्हर ओरडला, "शेलूबाजार, शेलूबाजार. येतं का बे?"
माय माझ्याकडं पाहत होती.