दुसऱ्याच्या भीतीवर उभी डोलकाठी

मार्स्टाल, ३ मे १९८१

चि. आस्गर यास अनेक आशीर्वाद.

तू आखून दिलेली डोलकाठी नव्या होडीवर चढतेय. जूनमध्ये आमची लेक टायरा एकटीच तिच्यातून बेटाभोवतीच्या शर्यतीत उतरणार, म्हणून हे पत्र लिहितेय. तुझे भावजी विगो आणि डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा बसवणारा पाले तुला भित्री भागूबाई म्हणून खो खो हसतात. त्या तारा डोलकाठी धरतील ना रे? वजन घटवायचं तुझं खूळ मला ठाऊक आहे. नाताळात तुझ्या पोटावर मात्र त्याचा परिणाम दिसला नव्हता.

लोभ आहे तसाच राहू दे, तारांकडे तेवढं बघ.

तुझी ताई, गुड्रुन

ऑर्हुस, ८ मे

ती. ताईस सा. नमस्कार.

उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. भित्रे ते दोघं. मी काहीही लिहिलं तरी भावजी आणि पाले एक माप जाडच तार लावणार, म्हणून मी आधीच एक माप बारीक लिहिलीय. माणसं ओळखणं हीसुद्धा विद्याच. पोटाचा विषय नको.

आशीर्वाद असू द्यावा.

आस्गर

मार्स्टाल, १७ मे

चि. आस्गर यास आशीर्वाद, हात राखून.

काल होडीचं बारसं झालं. डोलकाठीखाली नाणं ठेवलं, बँड वाजला, शीड चढलं. वाऱ्याची एक झुळूक आली, तारा तुटल्या आणि तुझी विद्या कॉफीच्या टेबलावर आडवी झाली. टायरा नुकतीच केक खायला उतरली होती, म्हणून वाचली.

तू जाडच लिहिणार म्हणून विगोने एक माप बारीक तार मागवली. विगोही घाबरट म्हणून पालेने आणखी एक माप उतरवलं. तिघंही दुसऱ्याच्या भीतीवर निर्धास्त.

नवी डोलकाठी तूच आख. शर्यतीत टायराबरोबर तूही बसायचंस. नाही म्हणू नकोस.

ताई

ऑर्हुस, २२ मे

ती. ताईस नमस्कार.

येतो. सगळं नव्याने मोजलं. तारा दोन मापं जाड, वर दोन जादा, आणि त्या मी स्वतः घेऊन येतोय. नंबर शेवटचा येईल, पण डोलकाठी वादळातही हलायची नाही.

आस्गर

मार्स्टाल, २६ मे

चि. आस्गर यास आशीर्वाद.

तुझं पत्र टायराने वाचलं. ती विचारते, "मामा, मी एकटी बसणार होते तेव्हा हे का नाही मोजलंस?"

आलास की तूच तिला सांग.

ताई