टेकेंची गुलं

प्रिय मेंगली,

उंटिणीला पिल्लू झालं. दूध भरपूर आहे, पण प्यायला घरात दोनच म्हातारी माणसं. तुझ्या बाबांचे गुडघे फार दुखतात. पण कबूल करतील तर शपथ!

तू मारी शहरातल्या टेके टोळीच्या मुलाशी लग्न केलंस, तेव्हापासून या घरात तुझं नाव निघत नाही. मी काढलंच, तर ते अंगणात निघून जातात. "आपण योमुत. आपल्या सात पिढ्यांत टेके रक्त नाही," हेच पालुपद.

परवा तुझ्या चुलतभावाच्या लग्नासाठी त्यांनी आपल्या आजीच्या हातचे चुवाल, त्या विणलेल्या मोठ्या पिशव्या, काढले. नवरीच्या उंटावर दोन बाजूंना चढवायचे म्हणून मी धूळ झटकून ते कुंपणावर टाकले. एवढ्या वर्षांनीही त्या पिशव्यांचा लाल रंग कसा डाळिंबासारखा! बाबा पाहुण्यांना मिरवून सांगत होते, "बघा, अस्सल योमुत वीण!"

बाबांच्या ओगुलबेग आत्यांनी हातातली चहाची पियाली खाली ठेवली. "तागान, डोळे फुटले का रे तुझे? ही नक्षीतली गुलं टेकेंची. माझ्या आईनं माहेरी विणलेली. दुष्काळात तिची माणसं इकडं आली आणि तुझ्या आजोबांनी तिला मागणी घातली. सासूनं मात्र वर्षभर हे चुवाल उलटे टांगायला लावले, कुणाला दिसू नयेत म्हणून."

पाहुणे हसले. बाबा हसले नाहीत. सगळे गेल्यावर ते कुंपणापाशी बसून एकेका गुलावरून अंगठा फिरवत राहिले. "आजीच्या मांडीवर मी वाढलो," म्हणाले, "पण कधी बोलली नाही गं."

"बोलू दिलं असतं का कुणी?" मी म्हटलं.

आज सकाळी भाकरी मोडता मोडता त्यांनी मान वर न करता विचारलं, "मेंगलीच्या पोराचं नाव काय ठेवलंय?" मी तुला चोरून पत्रं लिहिते, हे त्यांना सगळं ठाऊक होतं तर! नाव माझ्या ओठांवर आलं, पण गिळलं. म्हटलं, "तिच्याच तोंडून ऐका." हातातला तुकडा त्यांनी ताटात ठेवला. मग म्हणाले, "मग बोलाव. जावयालाही." म्हणून हे पत्र, पोरी. लग्न पुढच्या शुक्रवारी आहे. तिघंही या.

तुझीच,
आई