कागदाखालचा केस

३ मार्च, सोमवार

एवढंच राहिलं होतं! आता म्हणे माझ्या हातात विहीर आहे. बोटाच्या टोकाशी विहीर, पुढे झरा, मग ओढा, मनगटाच्या वर नदी आणि कोपरात समुद्र! नळाला सकाळपासून थेंब नाही आणि माझ्या कोपरात समुद्र. मी म्हटलं, "मग बादली लावा कोपराला." तर आमचे सुईबुवा म्हणतात, "अगं, थट्टा नको. परीक्षेला येणार आहे हे."

परीक्षा! पन्नाशी कधीच उलटली, डोक्यावर औषधाला केस नाही, आणि परीक्षा. इतकी वर्षं सुया टोचून दवाखाना चालवला. लोक लंगडत येतात आणि ताठ चालत जातात असं हे सांगतात. मी येतानाच बघते, जाताना मी स्वयंपाकघरात असते. आता यांच्या संघटनेने फतवा काढलाय — नोंदणी पुढे चालू ठेवायची तर परत वर्गात बसा. विषय काय, तर अंगातले मार्ग — तीच ती विहीर, नदी, समुद्र — आणि ते बोटांनी चाचपून ओळखणं. म्हणजे आजवर न ओळखताच टोचत होते का? विचारलं. तर पुस्तकात डोकं घातलं.

आणि सरावाला माणूस ज्याचं त्याने आणायचं. म्हणजे मी. फुकटची.

रोज संध्याकाळी शेवटचा पेशंट गेला की मला टेबलावर आडवं व्हायचं. हे डोळे अर्धे मिटतात, अंगठा माझ्या मनगटावर ठेवतात आणि गोगलगायीसारखा कोपरापर्यंत नेतात.

"इथे दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"भाजी करपतेय."

"इथे?"

"आई गं! हो!"

"बघ. सापडलं."

मी ओरडल्यावर सापडलं! ते कुणालाही सापडेल. त्याला कशाला पाहिजे वर्ग.

५ मार्च, बुधवार

काल डावा पाय, आज उजवा. मी बायको आहे की रस्ता? रोज नवीन ठिकाणी खणतात.

७ मार्च, शुक्रवार

ही डायरी सुयांच्या कंपनीने फुकट दिलेली. दरवर्षी देतात. हे त्यात काही लिहीत नाहीत, मी लिहिते. चौथीत शाळा सुटली म्हणून काय झालं, शिव्या लिहिता येतात.

आज हाताची पाळी होती. भांडी घासून हात कसे झालेत माझे. साबणाने धुतले, शेल्फवरचं क्रीम लावलं, मग बसले. कशाला लावलं कोण जाणे. हे तर तसेच, अंगठा टेकवून बसलेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढा वेळ हात हातात धरून हा माणूस कधी बसला नाही. परीक्षेसाठी बसतो!

९ मार्च, रविवार

आज वर्गाला गेले होते यांच्याबरोबर. भाड्याचा हॉल, घडीची टेबलं, त्यावर कागदाची चादर. कूस बदलली की कर्रर्र वाजते. प्रत्येक टेबलावर कुणाची तरी बायको नाहीतर कुणाचा तरी मेव्हणा आडवा. त्यांच्यावर वाकलेले हे सगळे टकले, चष्मेवाले, तोंडं अशी की आत्ता भूकंप ओळखणार आहेत. शेजारच्या टेबलावर एक दाढीवाला होता. त्याच्या बायकोच्या पोटरीवर बोट ठेवून "हं... हं..." करत होता. ती घोरत होती.

शिकवणाऱ्या बाई माझ्या भाचीएवढ्या. बोलतात मात्र हळू आणि ठाम. "मार्ग चित्रात सरळ असतो, माणसात नसतो. गाठ असेल, पोकळ असेल, ताठ असेल. घाई करू नका, बोटाला कळू द्या." मग एकाला पालथं झोपवून खांद्याजवळ हात ठेवला आणि म्हणाल्या, "इथे कातडी आणि फुप्फुस यांच्यात फार अंतर नसतं. बारीक माणसात तर नसतंच. बोटाला कळलं नाही, तर इथे सुई लावायची नाही. म्हणजे नाहीच."

हे एक मला पटलं. बाकी सगळा समुद्र.

आमच्या यांना माझ्या अंगात सगळं सापडलं. गुडघ्याच्या खाली गाठ, खांद्याला ताठ, मनगटाला पोकळ. बाई म्हणाल्या, "छान." हे फुगले! अहो, त्या गुडघ्याचं रडगाणं मी सहा महिने यांच्या कानाशी गातेय. माझी कुरकुर पाठ आहे, मार्ग कशाला पाठ पाहिजेत? आणि बोटाकडे बघतच नव्हते. सारखं माझ्या तोंडाकडे.

१० मार्च, सोमवार

बाईंनी घरचा अभ्यास दिलाय. एक केस टेबलावर ठेवायचा, वर कागद. डोळे मिटून बोटाने केस शोधायचा. सापडला की दोन कागद, मग तीन. अशी बोटं तयार होतात म्हणे.

यांच्या डोक्यावर केस आहे कुठे? "अगं, एक दे ना." आधीच मूठभर वेणी राहिलीय माझी, त्यातून द्या! दिला उपटून. एक कागद — "सापडला." दोन कागद — "सापडला." तीन — "हा काय!" नाक असं वर, जसा काही विहिरीतून माणूस काढला.

१४ मार्च, शुक्रवार

हसून हसून पोट दुखलं. आज मी केस ठेवलाच नाही!

कोरा कागद ठेवला आणि म्हटलं, "घ्या, ठेवला." डोळे मिटले. बोट इकडून तिकडे फिरवलं. मी मूठ घट्ट आवळलेली, केस मुठीत. हे म्हणाले, "हा बघ. इथून असा तिरका गेलाय."

तिरका!

मी म्हटलं, "वा." आत्ता कशाला बोलू? चांगलं भांडण होईल तेव्हा काढीन. हा हुकमाचा पत्ता आहे. लबाड! इतके दिवस माझे केस उपटून घेतले आणि नुसत्या थापा.

१७ मार्च, सोमवार

टेलरबाई सकाळी दारात. पाय धरून उभ्या. म्हणे, "वहिनी, तुमच्याकडची वस्तू माझ्याकडे राहिली." मला वाटलं छत्री. त्यांनी साडी वर केली तर पोटरीत सुई! शनिवारपासून. दोन दिवस ती बाई पायात सुई घेऊन मशीन मारत होती.

"अहो, तुम्हाला कळलं नाही?"

"मला वाटलं, आधी ठेवतात आणि मग काढायला बोलावतात."

धन्य! हे आले, सुई काढली, हसले. "एक राहते कधी कधी." इतक्या वर्षांत कधी राहिली नव्हती. सुया काढल्या की शेवटी हात फिरवतात पायावरून, खालून वर, काही राहिलं का बघायला. ती यांची सवयच. शनिवारी पण फिरवला होता. मी तिथेच केर काढत होते, मी बघितलं होतं. त्या सुईवरून हात गेला असणार.

१८ मार्च, मंगळवार

किटली गॅसवरून उतरवताना यांची बोटं किटलीच्या पोटाला टेकलेली. तशीच. बोलतायत, बोलतायत — दाढीवाला किती मूर्ख आहे ते सांगतायत. मी ओरडले, "अहो, हात!" तेव्हा काढला. दोन बोटांना टरारून फोड.

"लक्ष नव्हतं," म्हणाले.

लक्ष! भाजायला लक्ष लागतं?

मग एकेक आठवायला लागलं. शर्टाची वरची बटणं हल्ली मला लावायला लावतात, शिंप्याने काजं लहान केली म्हणतात. किल्ली कुलपाला लावताना वाकून बघतात. आंघोळीचं पाणी कोपराने बघतात. सुई लावताना प्रत्येक पेशंटला "लागतंय? आता लागतंय?" मला वाटायचं किती प्रेमळ झालेत म्हातारपणी.

साखर आहे यांना. कधीपासूनची. बिस्किटं लपवून खातात, गोळ्या विसरतात. आणि लोकांच्या हातापायाच्या मुंग्या घालवायला सुया टोचतात! स्वतःच्या बोटांचं काय?

१९ मार्च, बुधवार

दुपारी जेवून झोपले होते. उजवा हात उताणा. दवाखान्यातली नवीन सुई घेतली. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या टोकाला टोचली. जरा जास्तच टोचली. रक्ताचा ठिपका आला.

घोरत राहिले.

मी कापसाने पुसलं आणि कपडे वाळत घालायला गेले.

२० मार्च, गुरुवार

आडून आडून विचारलं, "बोटं बरी आहेत ना?"

"माझ्या बोटांना काय धाड भरलीय? या बोटांवर घर चाललंय."

ते खरं आहे. म्हणून तर पुढे बोलवेना. मला! मला बोलवेना. हे लिहून ठेवते, परत असं होणार नाही.

२१ मार्च, शुक्रवार

वरच्या मजल्यावरची आली होती, लेकीला घेऊन. मुलगी दिवसभर कॉम्प्युटरपुढे वाकून बसते, खांदे आणि पाठ धरलीय. नुसती काडी आहे. ओढणी काढली तर पाठीची हाडं मोजून घ्यावीत.

"काका, तुमच्या हाताला गुण आहे, सगळे सांगतात."

हे खूश. "परीक्षा होऊ दे रविवारी. गुरुवारी ये, पाठीला आणि खांद्याला लावू सुया. दोन-चार वेळात मोकळी होशील."

मला त्या बाई दिसायला लागल्या. बारीक माणसात तर नसतंच. मी मध्येच म्हटलं, "तिला आधी डॉक्टरला दाखवा की." तर यांनी असं बघितलं माझ्याकडे, पेशंटसमोर! मुलगी गेल्यावर म्हणाले, "तुला काय कळतं यातलं?"

काही नाही कळत. समुद्रसुद्धा नाही कळत. पण भाजलेलं कळतं.

मनात आलं, रविवारी हे नापास होतील. सगळं आपोआप मिटेल, मला तोंड उघडायला नको. नापास होऊ देत. घर मी बघीन, पूर्वी शिवणकाम करत होते, परत करीन.

२३ मार्च, रविवार

परीक्षा. बाईंनी आल्या आल्या सगळ्या आडव्या झालेल्यांच्या तोंडावर टॉवेल टाकायला लावले. "आज चेहरे वाचायचे नाहीत. आज हाताने सांगा." मी टॉवेलखालून यांचा श्वास ऐकला. थांबला होता.

दाढीवाल्याची पाळी आधी. त्याने बायकोच्या पायात तीन जागा सांगितल्या, तिन्ही बरोबर. बाई म्हणाल्या, "उत्तम." तो मूर्ख, हं-हं करणारा!

मग हे. अंगठा घोट्यापासून वर निघाला. मला प्रत्येक कणभर जागा कळत होती. गुडघ्याच्या खाली तो दुखरा भाग आला, तिथे नुसतं टेकलं तरी माझ्या डोळ्यांत पाणी येतं. अंगठा त्यावर बसला, दाबला, आणि पुढे गेला. "इथे काही नाही," हे म्हणाले. आवाज शाळेतल्या पोरासारखा.

बाई म्हणाल्या, "पुन्हा बघा."

मी गप्प पडून राहायचं. तेवढंच होतं काम. दगडासारखं पडून राहायचं आणि हे नापास. ती काडी वाचली, सगळं मिटलं. पण तो दाढीवाला तिथे उभा होता आणि "च् च्" करत होता. माझ्या माणसाला! मी घरात वाटेल ते बोलीन. याने च् च् करायचं?

अंगठा परत त्या जागेवर आला आणि मी पायाचा अंगठा हलवला. एवढासाच.

"इथे!" हे म्हणाले. "इथे गाठ आहे."

पास.

येताना रिक्षात गाणं गुणगुणत होते. माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाले, "बघ, शेवटी बोटांनी लाज राखली." आणि मी? मूर्ख, मूर्ख, मूर्ख बाई. दाढीवाल्यापेक्षा मूर्ख. आता कागद हातात आहे, गुरुवार आहे आणि ती पोरगी येणार आहे.

२४ मार्च, सोमवार

हे पान फाडून तुमच्या टेबलावर ठेवतेय, कोऱ्या कागदाच्या खाली. केस नाही, अख्खं पान आहे. एवढं तरी हाताला लागेल.

त्या शुक्रवारी कागदाखाली काही नव्हतं. केस माझ्या मुठीत होता. काल गाठ तुम्हाला सापडली नाही, मी पाय हलवला. गेल्या बुधवारी दुपारी मी तुमच्या बोटाला सुई टोचली, तुम्ही जागे झाला नाहीत. आता तुम्हाला कळलं, मला काय काय कळलंय ते. डॉक्टरकडे मी बरोबर येईन.

परवा, बुधवारी, दिवे लावायच्या आत मला उत्तर पाहिजे. वरच्या मुलीला नाही म्हणून तुम्ही सांगता, की मी जाऊन सांगू?

आणि दुसरं. तीन आठवडे रोज संध्याकाळी माझा हात हातात घेऊन बसत होतात. तो तुम्हाला एक दिवस तरी लागला का? की माझ्या तोंडाकडेच बघत होतात? खोटं सांगू नका. बुधवारपर्यंत.