जीप ठरलेली आहे

४ मार्च २०१३, सोमवार

ही वही दिवाळीच्या आधी घेतली होती. लिहू लिहू म्हणत राहून गेलं. आधी पेन नव्हता. पेन मिळाला तेव्हा मी लातूरला होतो. लातूरहून आलो तर आईने पहिल्या चार पानांत शेंगदाण्याच्या पुड्या बांधलेल्या. आज बसलोय, कारण आज डॉक्टरबाईंनी सांगितलं.

मनकर्णाला अंबाजोगाईला तपासणीला नेलं होतं. आमचं पहिलं बाळंतपण. तारीख दिली अठ्ठावीस मार्च. तिचं बीपी नॉर्मल. रांगेत एकजण मधे घुसला, त्याला मी दोन शब्द समजावून सांगत होतो, तर डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि त्यांनी माझंच बीपी मोजलं. ते वर निघालं. मशीन जुनं असणार. म्हणाल्या, अहो, बाळंतपण काही ठरवल्यासारखं होत नाही, तुम्ही शांत राहिलात तर ती शांत राहील. राग आला तर बोलू नका, लिहून काढा.

मी मुळात शांत आहे. पण शिकलेलं माणूस सांगतंय म्हणून लिहितो.

आणि ठरवल्यासारखं होत नाही म्हणजे काय? ठरवणारा कोण हाय, त्यावर असतंय ते.

७ मार्च

सासरे आले. धोंडीराम, माजलगावच्या कॅनॉलवरचे. म्हणाले, पहिलं बाळंतपण माहेरी असतंय, पोरीला न्यायला आलोय. मी रीतसर चहा दिला. चहा पिऊन म्हणाले, तुमच्याकडं टँकर कवा येतो कवा न्हाई, आमच्या बोरला अजून पाणी हाय. इथपर्यंत मी ऐकून घेतलं. मग आईकडे बघत म्हणाले, आन् जावयाचं काय, आज हितं तर उद्या भलतीकडंच. लेकरू झाल्यालं त्यांना पेपरात वाचाया मिळंल.

मी शांतपणे उत्तर दिलं. सासरे चपला न घालताच फाट्याकडे निघाले. चपलांसाठी परत आले तेव्हा राहिलेलं उत्तर दिलं. मनकर्णा म्हणते, आवाज गावाबाहेर चारा छावणीपर्यंत गेला, तिथली जनावरं उठून उभी राहिली. वारा त्या दिशेचा असणार.

शपथ घेतलीय. बाळंतपण इथूनच होणार. आई म्हणाली, आरं जाऊ दे तिला, माहेरी जीव लागतो बाईचा. मी म्हणालो, शपथ म्हणजे शपथ. माहेरी न्यायची पिशवी मनकर्णाने भरून ठेवलेली, ती तशीच कोपऱ्यात आहे. रिकामी कर म्हणालो तर म्हणाली, राहू द्या, काय खाती का ती.

राग: नाही.

१० मार्च

सगळं फिट बसलं. इतकं फिट की मला माझंच कौतुक वाटतंय.

आई गावच्या दूध संस्थेची डायरेक्टर आहे, महिला राखीवमधून. म्हणजे सही ती करते, मीटिंगचा चहा मी पितो. दूध आता कुठलं, निम्मी जनावरं छावणीत आणि निम्मी बाजारात. पण संस्था आहे म्हटल्यावर चेअरमन लागतोच. बावीसला निवड. सहा डायरेक्टर बद्रीनाथ आप्पाकडे, सहा शहादेव नानाकडे, आई मधोमध. आज आप्पा स्वतः दारात. पाच वर्षांत पहिल्यांदा.

म्हणाले, उत्तरेश्वरा, बायनाबाईला जरा देवदर्शन घडवतो. म्हणजे सहल. निवडीच्या आधी आपले डायरेक्टर जीपमध्ये घालायचे, फोन काढून घ्यायचे, कुठंतरी लांब लॉजवर ठेवायचे, आणि मतदानाला थेट संस्थेच्या दारात उतरवायचे. मग दुसरं पॅनल कुणाला फोडू शकत नाही. पद्धतच आहे.

मी काय दुधखुळा नाही. म्हणालो, आप्पा, आई नेता, मग मला काय? घासाघीस करून आप्पाची जीप मिळवली. बावीसला आई परत, बावीसलाच जीप ड्रायव्हरसकट माझ्या दारात, बाळंतपण होईपर्यंत हलायची नाही. आप्पांनी हातात हात दिला. बावीस आणि अठ्ठावीस. मधे सहा दिवस शिल्लक. माहेरी नेणाऱ्यांना एवढा हिशोब जमंल का?

आई टँकरवर गेली होती. संध्याकाळी आल्यावर तिला सांगितलं.

१२ मार्च

आई गेली. आप्पांनी लुगडं दिलं ते तिने हातातसुद्धा घेतलं नाही. जीपमध्ये बसताना मला म्हणाली, पोटुशी बाई घरात एकटी ठिवून मला देव दावतोस व्हय रं? इकलंस मला जीपपायी. आप्पांच्या देखत. मला इतका राग आला की मी काहीच बोललो नाही. म्हणजे उपाय लागू पडतोय.

कुठं जाणार ते आप्पा सांगत नव्हते. खोदून विचारलं तर म्हणाले, तुळजापूर.

जीप फाटा ओलांडून गेल्यावर ध्यानात आलं की सहल ज्या जीपमधून गेली तीच ती जीप. असू दे. बावीसला येतेच आहे.

गावची आशा कार्यकर्ती साखराबाई येऊन गेली. तिला प्लॅन सांगितला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, भाऊ, जरा आधी दुखायला लागलं तर? मी म्हणालो, तारीख डॉक्टरने दिलीय, मी नाही.

१५ मार्च

परवा सकाळी दळण आणायला धारूरला गेलो होतो. गिरणीत लाइट नव्हती. तिथं आमच्या गावातला भारत भेटला, म्हणाला माजलगावच्या धरणाचं पाणी तळाला गेलंय, बुडालेल्या गावाच्या भिंती वर आल्यात, दुनिया बघायला जातीय. गिरणीत बसून डोकं तापवण्यापेक्षा मन शांत ठेवावं म्हणून त्याच्या गाडीवर गेलो. खरंच भिंती आहेत. एका घराच्या तर पायऱ्या शाबूत. चिखल वाळून भेगा पडलेल्या, त्यात पोरं पाय घालून बसलेली. तिथं भज्याचे गाडे पण लागलेत. भारतचा मामा भेटला, त्याच्याकडे जेवलो, मग त्याचा एक बैल बघायला पुढच्या गावाला गेलो. फोनची बॅटरी संपली.

आज परत आलो. मनकर्णाने पुढं ताट ठेवलं. शेजारच्या सुंदरबाईकडून पीठ आणून भाकरी केलेल्या. मी म्हणालो, काही बोलायचं तर बोल ना. ती म्हणाली, दळण कुठाय?

दळण गिरणीतच राहिलं.

आता सांगा, दोन दिवस कामासाठी बाहेर राहणाऱ्या माणसाला घरी आल्या आल्या हे ऐकायचं? तरी मी शांत. ताट बाजूला सारलं, ते भिंतीला लागलं, तो भाग वेगळा.

१७ मार्च, सकाळ

मनकर्णा म्हणते पोटात दुखतंय. मी म्हणालो, आज सतरा आहे. तिला कॅलेंडर आणून दाखवलं. तिने ते हातातून घेतलं, गुंडाळी केली, दातांत धरली आणि खाली बसली.

साखराबाई आली. म्हणते पाणी गेलंय. सरकारी गाडीला फोन लावते. मी म्हणालो, लावू नका, आपली जीप ठरलेली आहे. ती म्हणाली, कुठाय जीप? मी म्हणालो, तुळजापूरला. तिने मला बाजूला सारून फोन लावला. आपल्या घरात आपल्याला बाजूला सारलं. लिहून ठेवतो.

आप्पांचा फोन बंद, ड्रायव्हरचा बंद, आईचा आप्पांच्या खिशात. या माणसाने हातात हात दिला होता. संस्थेच्या दुधात जेवढं पाणी या माणसाने घातलं तेवढं असतं तर गावाला टँकर लागला नसता. मी तुळजापूरला निघतो. आई आणि जीप दोन्ही घेऊन थेट अंबाजोगाई. भारतची मोटारसायकल घेतली. मनकर्णा खाटेची कड धरून म्हणाली, तुमी नका जाऊ. मी म्हणालो, घाबरू नको, मी सगळं बघतोय. ती म्हणाली, बघू नका, हितं बसा नुस्तं.

बसून काय होतंय? माणसाने काहीतरी करायला पाहिजे.

१७ मार्च, संध्याकाळ, येरमाळ्याच्या अलीकडे

उशीर माझ्यामुळे झालेला नाही. केजला पंपावर एकाने गाडी आडवी लावली होती, त्याला समजावण्यात वेळ गेला. समजावताना त्याचे पाव्हणे आले. मग तेही समजावायला लागले. वरच्या ओठाला थोडं लागलंय.

साखराबाईचा फोन आला. अंबाजोगाईत पोचले. म्हणते, भाऊ, बाळाचे ठोके कमी व्हायलेत, नाळ मानेला असंल म्हणतात, वेळ पडली तर ऑपरेशन, तुमचं काय म्हणणं. मी म्हणालो, आधी मला सांगा, माझ्या गैरहजेरीत नेलंच कसं? कुणाला विचारून? आमची जीप असताना सरकारी गाडीत? ती म्हणाली, भाऊ, हो म्हणा का न्हाई म्हणा. मागून मनकर्णाचा आवाज आला. तसा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. मी हो म्हणालो. साखराबाई म्हणाली, तिनं सही केली केव्हाच, तुमाला नुस्तं इचारलं. फोन ठेवला.

गाडीला किक बसत नाहीये. सकाळपासून पोटात काही नाही, त्याने असेल. लिंबाखाली बसून लिहितोय. रागाने काही होत नाही हे खरं, पण आप्पा समोर आला तर त्याला मी

माघारी अंबाजोगाई जवळ की पुढं तुळजापूर, विचार केला. इथवर आलोय तर जीप घेऊनच जातो. रिकाम्या हाताने कसं जायचं.

१८ मार्च, सकाळ, अंबाजोगाईत पोचल्यावर

तुळजापूरला एकही लॉजवाला धड बोलत नाही. बीडकडचे डायरेक्टर आहेत का विचारलं की दार लावतात. शेवटी एका लॉजच्या मागच्या खोलीतून पत्त्यांचा आवाज आला, बाहेर दोन धटिंगण बसलेले. म्हणालो, हीच आपली सहल. दारावर लाथ मारली, आप्पाला आईबहिणीवरून हाक मारली. आत सात माणसं. एकही ओळखीचं नाही. कुठल्यातरी पतसंस्थेची सहल होती.

त्यांना वाटलं मी त्यांच्या विरोधी पॅनलचा. मी जीव तोडून सांगतोय, माझी बायको अडलीय, माझी जीप हरवलीय. त्यातला एक म्हणाला, बे, मागच्या बारीला बी असाच एक आलता, त्याची तर आई मेलती. फोन काढून घेतला आणि सकाळपर्यंत चादरींच्या खोलीत कोंडलं. मी रात्रभर दार वाजवलं. त्यांनी पुरी-भाजी दिली. चांगली होती. हे लिहायला नको होतं.

उजाडल्यावर त्यांचा चेअरमन आला, त्याने माझं तोंड बघितलं आणि फोन परत दिला. म्हणाला, पाव्हणं, खरंच सांगत होता का? सॉरी. फोन साखराबाईला लावला, तिने उचलला नाही. परत लावला. परत.

तसाच निघालो. केज लागलं कधी, गेलं कधी, आठवत नाही. आज मधे कुठं थांबलो नाही.

१८ मार्च, दुपार. अंबाजोगाई, दवाखान्याच्या गेटवर

मुलगी झाली. सकाळी उजाडल्यावर. ऑपरेशन लागलं नाही. आधी रडलीच नाही म्हणे, पालथी धरून पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा रडली. दोघी बऱ्या आहेत. हे मला चहाच्या गाड्यावर साखराबाईने सांगितलं. मी तिला म्हणालो, फोन का उचलला नाही. ती म्हणाली, दोन्ही हातांनी तुमची बायको धरलती, भाऊ.

आणि आई आत आहे. तुळजापूर नाही, काही नाही. आप्पाने पैसे वाचवायला सगळी सहल या दवाखान्याच्या मागच्याच लॉजवर ठेवली होती. काल साखराबाईला जीप दिसली, ती बाई थेट लॉजात शिरली आणि खालूनच आईला हाक मारली. ड्रायव्हर आडवा आला तर आई म्हणाली, हो बाजूला, न्हाईतर मत शहादेवला. तो झाला बाजूला. इतकं सोपं होतं तर मला कुणी सांगायला नको?

मला आत सोडत नाहीत. बाळंतिणीजवळ एकच माणूस, तेही बाई. वॉचमनला मी नीट सांगितलं की मी बाप आहे. तो म्हणाला, हितं समदे बापच उभे हायेत. मग मी या दवाखान्याबद्दल, सरकारबद्दल, सहकाराबद्दल, सासऱ्याबद्दल आणि आप्पाबद्दल जे आहे ते बोललो. गर्दी जमली. चौकीतला पोलीस आला, त्याने मला बाकावर बसवलं आणि म्हणाला उठायचं नाही. आई खिडकीत आली होती. तिने वरून माझ्याकडे बघितलं आणि खिडकी लावून घेतली.

खिडकी का लावावी? मी काय परका आहे? काल सकाळपासून माझ्या पोटात एक भजं गेलं नसेल. (पुरी-भाजी सोडून.) सगळ्यांनी मिळून माझा प्लॅन मोडला आणि आता मलाच खिडकी. तरी डॉक्टरबाई भेटल्या तर सांगेन, एवढं सगळं झालं, पण मी शांत राहिलो. वहीत आहे लिहिलेलं.

पोरगी कुणासारखी दिसते तेही कुणी सांगितलं नाही. विचारलं तर साखराबाई म्हणाली, लई बारीक हाय, झोपू द्या तिला.

परत एकदा गेटवर जाऊन बोलणार होतो, तेवढ्यात वॉचमन स्वतःच बाकाकडे आला. म्हणतो, तुमचा आवाज वार्डात जातोय, लेकरू दचकून उठलं. आणि म्हणतो, आता बोंबलू नका, नीट उभे राहा, तोंड पुसा. भिंतीला धरून धरून जिना उतरून तुमची बायको खाली आलीय. लेकरू घेऊन.