चिनहटच्या वळणावर धुकं नव्हतं

बाबा,

पळणाऱ्यांच्या घरचे जे लोक पाण्याची बाटली घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहतात, त्या आम्हा सगळ्यांची एक तक्रार आहे. आम्हाला तिथे टाळ्या वाजवायला ठेवलेलं असतं. आम्ही पहाटे उठून तुमचे मोजे शोधायचे, उन्हात ताटकळायचं, आणि तुम्ही समोरून जाताना "शाब्बास" एवढंच म्हणायचं. दुसरा शब्द उच्चारायची आम्हाला मनाई असते. तो दुसरा शब्द मी कित्येक वर्षं व्यासपीठांवरून ओरडून सांगते आहे. परवा इथल्याच, लखनौच्या एका मॅरेथॉनसाठी छातीवर लावायचे नंबर वाटत होते, त्या हॉलमध्ये मला बोलायला बोलावलं होतं. घसा बसेपर्यंत बोलले. खाली उतरले तर एक तरुण हसत म्हणाला, "मैडम, आपने तो डरा ही दिया. मज़ा आ गया." मज़ा! घरी येऊन मी हे लिहायला बसले, कारण हे ज्याला खरं ऐकवायचं होतं तो माणूस त्या हॉलमध्ये नव्हता.

मानक नगरच्या कॉलनीतला तो हिवाळा आठवतो. दिवसभर तुम्ही रेल्वेच्या प्रयोगशाळेत रुळांची कंपनं तपासायचात आणि सकाळी उजाडायच्या आत कॉलनीतल्या चाळिशी उलटलेल्या साहेबांना गोळा करून पळायला न्यायचात. त्यांच्यातला एकही खेळाडू नव्हता. एकाचं पोट सुटलेलं, एकाला डॉक्टरने दटावलेलं. मी अकरावीत होते. हातमोजे घालून सायकलवरून तुमच्या मागे यायचे, कॅरिअरला पाण्याचा डबा आणि गुळाची चिक्की बांधून. धुकं असं दाट असायचं की पुढच्या माणसाची पाठ दिसायची नाही, फक्त आवाज यायचे. कारण तुमचा नियमच तसा होता: पळताना गप्पा मारायच्या. पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर वेग बरोबर आहे, वाक्य मध्येच तुटलं तर वेग चुकला. आणि जो गप्प होईल त्याच्यासाठी सगळ्यांनी हळू व्हायचं. शेजारचे काका, ते जाडजूड, अस्सल लखनौचे, आपल्या मेव्हण्याच्या लग्नाची गोष्ट तो अख्खा हिवाळा पुरवत होते. मध्येच त्यांचा आवाज बंद व्हायचा. तुम्ही लगेच धुक्यात हाक मारायचात, "क्या हुआ भाई साहब?" पलीकडून धापा टाकत उत्तर यायचं, "कुछ नहीं, बारात ज़रा चौराहे पर रुक गई है." "तो बाराती भी रुकेंगे," तुम्ही म्हणायचात, आणि सगळी रांग चालायला लागायची.

तुमचं सगळं शिकवणं असंच होतं, साधं आणि हसतखेळत. आठवड्यातून एकदाच लांब पळायचं, तेही लाज वाटेल इतकं सावकाश. ताप येऊन गेला असेल तर पायांना सुट्टी. शर्यतीच्या दिवशी नवीन काही नाही: नवा बूट नाही, नवं खाणं नाही. पहिली अर्धी शर्यत राखून पळायची, कारण मॅरेथॉन दुसऱ्या अर्ध्यात सुरू होते. फक्त एक गोष्ट सांगताना तुम्ही हसत नसायचात. "गर्मी में दौड़ते हुए अगर ठंड लगे, रोंगटे खड़े हों, तो वहीं बैठ जाना. छाँव ढूँढने भी मत जाना. शरीर तब झूठ बोलने लगता है." जानेवारीच्या त्या गारठ्यात सगळे खो खो हसले होते. "सर, रोंगटे तो अभी खड़े हैं!" मीही हसले होते. आता तो हशा आठवला की माझ्याच अंगावर काटा येतो.

शर्यत जानेवारीतच व्हायची होती. धुक्यामुळे पुढे ढकलली. मग मुख्य पाहुण्यांना वेळ नव्हता, मग मैदान मिळालं नाही, आणि शेवटी एप्रिलचा शेवटचा रविवार ठरला. तारीख कळली त्याच दिवशी कॉलनीतल्या बहुतेकांनी नावं मागे घेतली. आई कणीक मळत होती, तिचे हात थांबले. "अहो, एप्रिलात काहून पळता? इथे लू सुरू होते." तुम्ही ताटावरून मान न उचलता म्हणालात, "अगं, अकोल्याचा माणूस आहे मी. आपल्याकडच्या उन्हापुढे हे काय ऊन!" हे वाक्य आपल्या घरात दर उन्हाळ्यात म्हटलं जायचं. कूलरमध्ये वाळा भरताना म्हटलं जायचं, शेजाऱ्यांनी पंखा हलवताना उसासे टाकले की म्हटलं जायचं. आईनेही ते हजारदा म्हटलेलं होतं, म्हणून ती पुन्हा कणीक मळायला लागली. मी आज विचारते बाबा, अकोल्याच्या उन्हात तुम्ही कधी पळला होतात? तिथे उन्हात कोणीच पळत नाही. तिथली माणसं दुपारी दारं लावून घेतात, डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय अंगणात पाय टाकत नाहीत, म्हणून जगतात. आपण तिथून उन्हाचा अभिमान तेवढा बरोबर आणला आणि ती बंद दारं तिथेच ठेवून आलो. तुमचा सराव झाला होता धुक्यात, आणि मार्चनंतर पहाटेच्या गारव्यात. शर्यतीच्या दिवशी नवीन काही नाही असं तुम्ही सांगायचात. त्या दिवशी ऊनच नवीन होतं.

आईने तुमच्या चड्डीच्या खिशात एक छोटा पांढरा कांदा ठेवला, ऊन लागू नये म्हणून. तुम्ही तो थोपटून दाखवलात आणि गेलात.

मैदानावरचं मला शेजारच्या काकांनी नंतर सांगितलं, त्यांनी नाव मागे घेतलं नव्हतं. सूर्य उगवताना शर्यत सुटायची होती. पाहुणे आले नाहीत. सगळ्यांना नंबराप्रमाणे रांगेत उभं केलेलं, रांग सोडली तर जागा जाणार, आणि ऊन इमारतींच्या वर येऊन डोक्यांवर बसलेलं. मग गाडी आली, हार झाले, भाषणं झाली. काका तुम्हाला म्हणाले, "भाई साहब, ये दौड़ नहीं, तंदूर है. घर चलिए, खरबूजा कटवाते हैं." तुम्ही म्हणालात, "नाम दे दिया है." झेंडा हलला आणि ज्यांनी भाषणं केली होती ते सावलीतल्या खुर्च्यांवर परत जाऊन बसले.

आई आणि मी टेम्पोने फैजाबाद रोडवर चिनहटला आलो होतो. तिथे रस्त्याच्या मधोमध एक रंगवलेला ड्रम ठेवलेला आहे, त्याला वळसा घालून परत फिरायचं. आम्ही कितीतरी वेळ उभ्या आहोत. गरम वारा सुटला आहे. पळणारे एकेकटे येतात, त्यांच्यात फार अंतर पडलेलं आहे. आणि मग तुम्ही येता. तुमच्या आजूबाजूला कोणी नाही, आणि तुमचे ओठ हलत नाहीत. सबंध हिवाळ्यात मी तुम्हाला गप्प पळताना पाहिलेलं नाही. मी बाटली पुढे करते. तुम्ही ती घेता, तोंडाला न लावता नुसती धरून ठेवता. तुमचा दंड कोरडा आहे. घामाचा एक थेंब नाही, आणि त्यावर काटा उभा आहे, लव न लव ताठ. तुम्ही माझ्याकडे बघून हसता आणि म्हणता, "पोट्टे, धुकं फार आहे गं आज. पुढचे दिसत नाहीत."

रस्ता उन्हाने इतका पांढरा झाला होता की डोळे उघडत नव्हते. आई हसली. तिला वाटलं, तुम्ही थट्टा करताय. मी ओरडले, "बाबा, थांबा!" आणि तुमचा दंड धरला. शिट्टी वाजली. टोपी घातलेला एक स्वयंसेवक धावत आला. "ए बिटिया, हाथ मत लगाना! छू लिया तो बाहर हो जाएँगे!" मी म्हटलं, "इनकी तबीयत ठीक नहीं है, देखिए तो!" तो म्हणाला, "अरे, सबकी यही हालत है. हौसला बढ़ाओ, रोको मत." चहाच्या टपरीवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही माझी बोटं एकेक करून सोडवलीत, अगदी हळुवार, लहानपणी झोपलेल्या माझ्या मुठीतून खेळणं काढून घ्यायचात तशी, आणि म्हणालात, "नंबर जाईल." मी तुमच्यामागे पळाले, पण वहाणा घातलेली मुलगी किती पळणार? तुम्ही जात राहिलात, आणि माझ्यामागे लोक टाळ्या वाजवत राहिले.

निशातगंजच्या अलीकडे तुम्ही पडलात. एका उसाच्या रसवाल्याने त्याच्याकडचा सगळा बर्फ तुमच्या अंगावर ओतला, पण तोवर उशीर झाला होता. तुम्ही पुन्हा बोलला नाहीत. "नंबर जाईल" हे तुमचं शेवटचं वाक्य. कांदा आईला हॉस्पिटलात परत मिळाला, कपड्यांबरोबर.

मग लोक आले. "क्या मौत पाई है, दौड़ते-दौड़ते." कोणी म्हणालं, वीराचं मरण. मी सोळा वर्षांची होते आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा भाषण करावंसं वाटलं. शेजारचे काका सगळ्यांच्या मागे दाराशी उभे होते. ते सुरुवातीलाच कुठेतरी कडुनिंबाखाली बसले होते म्हणून जिवंत होते, आणि त्यांना त्याची लाज वाटत होती. ते माझ्याशी अगदी हळू बोलले. "बिटिया, हम चुप हो गए थे, तो बैठ गए. नियम तो उन्हीं का था. वो चुप हुए, तो बगल में सुनने वाला कोई था ही नहीं."

नंतर मी या विषयावरचं हाती लागेल ते वाचलं. डॉक्टरांचं वाचलं, सैन्यातल्या लोकांचं वाचलं, जुन्या पळणाऱ्यांच्या आठवणी वाचल्या. सगळं वाचून उरलं ते काकांचंच वाक्य. उष्णता आधी पायांना धरत नाही, आधी ती समज काढून घेते. ज्याला थांबायला हवं त्यालाच ते सगळ्यांत शेवटी कळतं. "आपल्या शरीराचं ऐका" असं हल्ली प्रत्येक प्रशिक्षक सांगतो. शरीर खोटं बोलायला लागल्यावर ऐकायचं कोणाचं? तुम्हाला ते चिन्ह माहीत होतं. तुम्ही ते दुसऱ्यांना शिकवलं होतं. तुमच्याच दंडावर ते उभं राहिलं तेव्हा तुम्हाला धुकं दिसत होतं. एवढ्या ज्ञानाचा उपयोग झाला नाही, कारण तुम्हाला थांबवण्याचा हक्क तुम्ही कोणालाच दिला नव्हता.

हे सगळं मी भाषणात सांगते. एक गोष्ट सांगत नाही. त्या वळणावर तुम्ही फार आनंदात होता. तसा चेहरा मी घरात कधी पाहिला नव्हता. मला वाटायचं, तो उष्णतेचा भ्रम असेल. पण दोन वर्षांपासून मीही पळते, बाबा. सुरुवात चालण्याने केली होती, आता लांब जाते, आणि तो चेहरा काय असतो हे मला कळलं आहे. परवाच्या त्या हॉलमधून मी माझाही नंबर घेऊन आले. शर्यत या रविवारी आहे, त्याच रस्त्याने. ऊन अचानक वाढेल असं बातम्यांत सांगतायत. सुटायची वेळ पुढे गेल्याचा निरोपही आत्ताच आला, पाहुणे बाहेरगावाहून येणार आहेत.

माझ्या मुलीने नंबर टेबलावर पाहिला. "मम्मा, मैं कहाँ खड़ी रहूँ?"

"चिनहटला."

"और मैंने कहा रुको, तो रुकोगी?"

मी म्हटलं, "बघू."

"बघू मतलब नहीं," ती म्हणाली आणि बाटली धुवायला आत गेली. अजून नळ चालू असल्याचा आवाज येतो आहे. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, बाबा, ते लिहिता लिहिता माझ्याकडेच वळलं आहे. हॉलभर अनोळखी माणसांना जे ओरडून सांगितलं, ते घरातल्या एका मुलीला सांगताना माझी जीभ उचलली नाही, एवढं कबूल करते आणि तिला ते सांगायला उठते. तुम्हीही उठा, रविवारी पळणाऱ्यांनो. रेषेवर जाण्याआधी, डोकं ठिकाणावर आहे तोवर, आपलं एक माणूस निवडा, त्याला रस्त्यावर उभं करा आणि त्याच्या तोंडावर सांगा: तू थांब म्हणालास की मी थांबेन, नंबर गेला तरी.