ती काही बोलली नाही

४ मार्च
आज नव्या गावात, नव्या नोकरीत पाऊल टाकलं आणि एकदम झकास वाटलं. ड्रायव्हिंग स्कूल आटोपशीर आहे. रस्त्याला लागून एक वर्ग, भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचे तक्ते, टेबलावर आतले दात दिसावेत म्हणून मधोमध कापलेला गिअरबॉक्स, मागे शेडमध्ये दोन शिकाऊ गाड्या. वरच्या मजल्यावर माझी खोली. मालकीणबाई पंचावन्नच्या आतबाहेर, विधवा, सगळा व्याप एकट्या सांभाळतात. मी यायच्या आधी पलंगावर नवी कोरी चादर घालून ठेवली होती. नोकरीही कशी, आपणहून चालत आली. पत्र त्यांनीच पाठवलं. मला 'मास्तर' म्हणतात. चार वर्षं नंबरावरून हाक ऐकलेल्या माणसाला हे किती गोड लागतं ते मलाच ठाऊक.

रोज लिहायचं ही तुरुंगातल्या समुपदेशकाची अट. त्याच्या शिफारशीवर लवकर सुटलो, तेव्हा लिहितो बापडा.

७ मार्च
बाईंना सगळं सांगून टाकलं, अर्थात माझ्या बाजूने. की मी गाडी शिकवायचो, शिकायला येणाऱ्या तिघींनी माझ्यावर आळ घेतला. तिघी वीस-बावीसच्या, चांगल्या कळत्या-सवरत्या, आणि कोर्टात मात्र डोळ्यांना पदर! त्यांचं काय गेलं? माझा परवाना गेला, चार वर्षं गेली. बाईंनी मान डोलावली. म्हणाल्या, तक्ते शिकवायला परवाना कशाला हवा, आणि हे आपल्या दोघांतच राहू द्या.

एकटी बाई आहे, कौतुकाची भुकेली. माणसं ओळखण्यात माझा हातखंडा आहे.

१२ मार्च
बाईंनी नवऱ्याचं घड्याळ दिलं. दोनदा नको म्हटलं तर चेहरा एवढासा झाला, मग घेतलं. आता रोज दुपारी त्यांच्याकडेच जेवतो. घड्याळ हातात घालून नाही कसं म्हणायचं?

समोरच्या गॅरेजमधला मेकॅनिक बरा माणूस वाटला होता. दोनदा चहाही झाला. पण बाई म्हणतात, तो माझ्याबद्दल लोकांकडे चौकशा करतो, जपून राहा. चहा बंद केला. मोबाइलची काच तडकली, तो आज बाईंनी दुरुस्तीला नेला. म्हणाल्या, दोन दिवसांत मिळेल.

१९ मार्च
बाई दार न वाजवता आत येतात. काल मी नुसता टॉवेल गुंडाळून उभा होतो. हसल्या, म्हणाल्या, एवढं काय लाजता, मी काय परकी आहे? दाराची आतली कडी रंगकामासाठी काढून नेली होती, ती अजून लावलेली नाही. रंगारी काही आला नाही. मोबाइलही नाही.

आज वर्ग सुटल्यावर माझी कॉलर सारखी केली आणि हात मानेवरच ठेवला. चांगला मिनिटभर. अंगावर काटा आला. बोललो काहीच नाही. का बोललो नाही? गंमत करत असतील. उगाच तमाशा कशाला.

२३ मार्च
सांगितलं की मी नोकरी सोडतो. बाईंनी भात वाढता वाढता शांतपणे विचारलं, जाणार कुठे? आणि सांगणार कुणाला? तुमच्यावर कोण विश्वास ठेवणार आहे, मास्तर?

हे वाक्य ऐकलंय कुठेतरी —

नाही. ऐकलेलं नाही. म्हटलेलं आहे. हे माझं वाक्य आहे.

२४ मार्च
सकाळपासून बोटांवर मोजतोय. आधी दोघांतलं गुपित. मग भेटवस्तू. मग ओळखीचं माणूस तोडायचं. फोन. दार. गंमत. मानेवर हात. आणि शेवटी ते वाक्य. आठ पायऱ्या, त्याच क्रमाने.

तुरुंगात समुपदेशकाने मला लिहायला लावलं होतं, मुलगी कशी हेरायचो, जवळ कसा सरकायचो. मी छान अक्षरात लिहिलं. खरं सांगायचं तर थोडं मिरवतच. सुटकेच्या सुनावणीत ते वाचून दाखवलं, तिघींच्या घरच्यांसमोर. मागच्या बाकावर तिसरीची आई बसली होती. मी तिच्याकडे पाहिलंच नाही. पाहायला हवं होतं. ती म्हणजेच ही बाई.

आज जेवताना तिने ते सगळं तोंडपाठ म्हणून दाखवलं. एक शब्द चुकली नाही. मध्येच विचारलं, आमटी वाढू?

तिची लेक मावशीकडे असते. पाच वर्षं उंबरा ओलांडलेला नाही. रस्त्यावर हॉर्न वाजला की भिंतीकडे तोंड करते. बाई म्हणाली, मला राग सांगता येत नाही, मास्तर, म्हणून तुमचंच तुम्हाला वाढलं. गळ्याखाली उतरतंय का?

माझ्या कागदातलं शेवटचं वाक्य तिने दोनदा म्हटलं. 'ती काही बोलली नाही.' तिने विरोध केला नाही असं धरलं गेलं आणि त्याच वाक्यावर माझी शिक्षा कमी झाली होती.

२५ मार्च, सकाळ
पिशवी भरली. मेकॅनिककडे धावलो. त्याने पाठ फिरवली. त्याला सगळं माहीत आहे.

बाई शिकाऊ गाडीपाशी उभी होती. म्हणाली, बसस्टँडवर सोडते. तुम्हीच चालवा की शेवटचं, मी आहे ना शेजारी. नाही म्हणायचं होतं. तोंडातून शब्द फुटला नाही —

२५ मार्च, दुपार
बसस्टँड नाही. दगडखाण. रस्ता ती सांगत गेली, वाटेत ब्रेकही तीच मारत आली. गाडी उतारावर, पुढे कठडा नाही. माझा ब्रेक थेट तळाला जातो, धरतच नाही. हँडब्रेकची तार काढलेली. माझ्या दाराला आतून मूठ नाही.

शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. गाडी त्याच्यावर उभी आहे. तिच्या एका पायावर. दुसरा पाय उघड्या दारातून बाहेर —

वही तिनेच आणली. स्टिअरिंगवर ठेवून लिहितोय. म्हणाली, शेवटचं वाक्य दुरुस्त करा.

लिहिलं, आठवत नाही. तिने पाय जरासा उचलला. गाडी हातभर पुढे.

लिहिलं, रडत होती. म्हणाली, रडणं मी रोज बघते. शब्द लिहा. पुन्हा हातभर. खडी खाली पडल्याचा आवाज येतो, खूप उशिरा —

आठवतात. आठवतात शब्द. कोर्टातही आठवत होते. कोठडीत रोज —

मुलगी तीनदा म्हणाली. हात जोडून. तेव्हासुद्धा मला सरच म्हणत होती —

बाई वाचतेय. खांद्यावरून वाचतेय. लिहितो, लिहितो —

ती म्हणाली, सर, गाडी थांबवा, मला माझ्या आईक