खिडकीखालचं बुटकं झाड

१२ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या भिंगरीला या नर्सरीत आज सात महिने झाले. हसू नकोस. पाचवं काम आहे, हे मलाही मोजता येतं. इथे नुसती पाईनची झाडं, बागेत शोभेला लावायची. निळसर, पिवळट, वेड्यावाकड्या फांद्यांची. शेंड्यांना मेणबत्त्यांसारखे कोंब येतात, ते बोटांनी अर्धे खुडायचे. कात्री लावली की सुयांसारखी पानं तांबडी पडतात. मी पहिल्याच दिवशी कात्री चालवली आणि मालकाने सगळ्यांसमोर झापलं.

आईला खिडकीबाहेर हिरवं काहीतरी हवंय म्हणालीस ना? वीतभर रोप पाठवलंय. लोक कुंडीतलं गोंडस पोर बघून उंच जातीचं झाड भिंतीला चिकटून लावतात आणि काही वर्षांनी कुऱ्हाड शोधत फिरतात. मी तसा फसलो नाही. हे बुटकं आहे, वर्षाला चार बोटं वाढतं. दहा वर्षांत बरोबर आईच्या खिडकीच्या चौकटीला टेकेल. बाबांना सांग, पोरगा दहा वर्षांपुढचा विचार करायला लागला. त्यांची गवंडीकामाची थापी टाकून पळालो तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत, पण ऐकतील तरी.

आईला नमस्कार. लोभ आहेच, थोडा रागही चालेल.
तुझा भिंगरी

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रोप सुखरूप पोचलं. मी खिडकीखाली लावलं. बाबा लांबून बघत होते, खड्डा वाकडा आहे एवढंच म्हणाले. शेवटी गवंडीच ते.

आई हल्ली पलंगावरच असते. तिथून तिला चौकटीच्या वरचंच दिसतं, म्हणजे समोरच्या गोदामाचा पत्रा. मी रोज झाडाचं वर्णन करते. ऐकून ऐकून तिला ते झाड नसून तुझी थाप वाटायला लागलीय. विचारते की, लवकर वाढणारं, उंच असं नाही का मिळत? मिळालं तर लगेच पाठव. दहा वर्षांचं राहू दे. याच्यापुढे काही लिहायचं नाही अशी तिची सक्त ताकीद आहे, म्हणून इथेच थांबते.

वेळेवर जेव. पत्रं लहान झाली तरी माया लहान करू नकोस.
तुझी ताई

२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उंच झाड पाठवणार नाही. रागाव खुशाल. उद्या भिंतीला तडे गेले तर बाबा माझ्याच नावाने बोटं मोडतील. पाईनला घाई चालत नाही, हे मी शिकलो. मी! आईला म्हणावं, तुझ्या पोराला एवढे महिने एका जागी बसता आलं, तर तुला दहा वर्षं वाट बघायला काय झालं?

उद्यापासून आम्ही वरच्या मळ्यात रोपं काढायला जातोय. तिथे फोन नाही. काम उरकलं की येतोच.

असाच जीव लावत राहा.
तुझा भिंगरी

२ एप्रिल

चि. भिंगरीस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. आई २३ मार्चला सकाळी गेली. तुझ्या मालकाच्या ऑफिसात चारदा फोन केला. निरोप वर पाठवतो म्हणाले. तू आला नाहीस, म्हणजे तो पोचला नसणार.

ती उन्हाळा काढणार नाही, हे डॉक्टरांनी डिसेंबरातच सांगितलं होतं. आईने मला शपथ घातली. पोरगं पहिल्यांदा कुठेतरी टिकलंय, त्याला हलवू नका, म्हणाली. मी ती मोडायला हवी होती.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. दहा वर्षांचं वाक्य गाळायचं ठरवलं होतं, पण ओघात वाचून गेले. ती खोकला येईपर्यंत हसली. बाबा दारात उभे होते. तसेच बाहेर गेले, झाड मातीच्या गोळ्यासकट उकरून आपल्या घमेल्यात लावलं आणि खिडकीखाली विटा रचायला बसले. सिमेंट नाही, नुसत्या विटा. दर थराला आत यायचे, आईच्या उशीला डोकं टेकवून दिसतंय का बघायचे. आई म्हणाली, एवढ्यात माझं देऊळ नका बांधू. नवव्या थराला शेंडा दिसला.

सोळा दिवस तिने तो बघितला. विटा बाबा कुणाला काढू देत नाहीत.

ये रे आता. माया तुझीच आहे.
ताई

९ एप्रिल

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्हाला मी पहिल्यांदाच लिहितोय. काल मळ्यातून खाली उतरलो तेव्हा ताईचं पत्र मिळालं, आणि फोनच्या निरोपाच्या चार चिठ्ठ्या. एकाच टाचणीला लावलेल्या. वर न्यायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

शनिवारी निघतो, सोमवारी पोचेन. मला आधी कळवलं नाही म्हणून ताईला बोलू नका. घमेल्यात मुळं तापतात, झाड जमिनीत जायला हवं. पण मी येईपर्यंत विटा उतरवू नका. मला एकदा त्या उशीवर डोकं ठेवून बघायचंय.

मालक म्हणाला, जाताना एक झपाट्याने वाढणारं घेऊन जा. मी नको म्हणालो. बाबा, ते रोप निवडताना मी ऊन कुठून येतं त्याचा विचार केला, मातीचा केला, भिंत किती लांब आहे त्याचा केला. आईकडे किती दिवस आहेत, हे कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उंच काय नि बुटकं काय, झाड पाठवलंच नसतं. मीच आलो असतो.

राग असेल तो असू द्या, पायांशी जागा असू द्या.
तुमचा मुलगा